बाबांना कुणी हटकलं

७ जून १९६५, बुलढाणा
धाडहून शांताचं पत्र. माझ्या या धाकट्या बहिणीच्या मुलीला, निमाला, नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. तीस तारखेला निघायचं. खाली निमाच्या अक्षरात दोन ओळी: ‘मामा, आई दारात येणार नाही. तुम्ही तरी सांगा तिला.’
घरातून कुणी निघालं की शांता आत जाते. तिचे यजमान, आमचे जवाईबुवा, बाजाराला निघाले तरी ही चुलीपाशी. आजवर आम्ही सगळे यावर हसलो. आज हसू आलं नाही. पोर तीन वर्षांसाठी चाललीय.

१३ जून
धाडला जाऊन आलो. शांताला सरळ विचारलं. आधी टाळलं, मग भाकरी थापता थापता सांगितलं.
“दादा, तू हसशीन. सुटीच्या दिवशी बाबा टोपी घालून निघाले. म्या इचारलं, कुठी चालले बाबा? ते मांगं फिरले, बसले. म्या पाणी देल्लं. मंग गेले. दुपारी त्याईले आणलंच...”
निघणाऱ्याला ‘कुठं’ विचारू नये, ‘दूर का?’ म्हणावं, हे आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी कळतं. आणि चुकून कुणी हटकलंच तर मागं फिरून घोटभर पाणी पिऊन निघावं. सात वर्षांची होती ती. तेव्हापासून कुणी निघालं की तोंड उघडायची भीती.
मी तिथून उठलो. कारण बाबांना ते मी विचारलं होतं.

१४ जून
आजवर हे कुणाला सांगितलं नाही, सौ.लाही नाही. खामगावची आमची पत्र्याची खोली. मी दहा वर्षांचा, पायरीवर पाटी घेऊन. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, त्या दिवशी जिनिंग बंद, म्हणून नवल वाटून विचारलं. ते फिरले, मी पाणी दिलं. टोपीची घडीसुद्धा आठवते. दुपारी रस्त्यातच छातीत कळ येऊन गेले.
तर मग शांताचं काय?
एरवी बाबा संध्याकाळी यायचे ते मिशीत कापूस घेऊन. शांता मांडीवर बसून वेचायची. अंगाला सरकीचा वास. भोंगा झाला की आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत पळत. काय दिवस होते! भाजीला तेल नसे, पण घरात कायम हसणं.
ट्रेनिंग कॉलेजात मी मास्तर होणाऱ्या पोरांना मानसशास्त्र शिकवतो. स्मरण, विस्मरण, सगळं फळ्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

२० जून
जानेफळला आत्याकडे. बाबांची ही बहीण तेव्हा आमच्याकडेच राहायची. आता दिसतं कमी, कान शाबूत. दोघांचंही सांगितलं. ती आधी हसली.
“काय बोलून राह्यला बे? तुमी दोघं तं झोपले होते. म्याच इचारलं त्याले. गूळपाणी म्याच देल्लं.”
मग पदर डोळ्याला. “तुह्या मायच्या डोयाले डोया नाही भिडवला म्या कधी. गेली बिचारी, तरी नाही सांगतलं.”
तिचे हात धरून बसलो.
येताना गाडीत तेच डोक्यात. रडारडीत कुणी बाई म्हणाली असेल, निघताना हटकलं का रे कुणी? आणि एका घरातल्या तिघांनी मनातल्या मनात हात वर केला. मग ज्यानं त्यानं आपापली पायरी, आपापलं पाणी त्यात भरलं. असं होतं. पुस्तकात आहे.
पण पुस्तकात हे नाही. मी झोपलो होतो म्हणजे मी सुटलो. आणि मला मुळीच बरं वाटत नाहीये. बाबांशी शेवटचं जे बोललो ते तेवढंच होतं. दोष सोडायचा तर तेही सोडावं लागणार. नको वाटतं.

२७ जून
धाड. शांताला सगळं सांगितलं, माझंही. वाटलं, मोकळी होईल. भडकली.
“मंग पाणी कोनं देल्लं? पाण्याचा गडवा मले आठवते ना! आत्या म्हातारी झाली, काहीबी बोलते.”
मी म्हटलं, खरं कोणाचं ते आता कळायचं नाही. पण तिघांनी विचारलं असेल तर एकट्या तुझ्यावर का?
शांता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “तीस वर्सं तुबी? मले सांगतलं नाही काऊन?”
“तू सांगितलंस?”
रडलो दोघंही. ती दारात येईल की नाही, ते काही बोलली नाही.

३० जून
निमा गेली.
ट्रंक बाहेर काढली तोवर शांता आतच. निमा उंबरठ्याबाहेर, तेवढ्यात ही आली. चौकट घट्ट धरलेली. आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं:
“कुठी चालली वं निमे?”
शेजारीण म्हणाली, “अगं माय!” जवाईबुवांचा चेहरा पडला. निमा मात्र हसली. “नागपूरले, आई. नर्स व्हाले.” आणि चालू लागली. मागं फिरली नाही.
मला ओरडावंसं वाटत होतं, थांब, बस, घोटभर पाणी पी. जीभ चावून धरली.
मलकापूर स्टेशनपर्यंत पोर रडत होती नि हसतही. “आईनं पहिल्यांदा पाठोलं मले, मामा.” गाडीत बसवलं. सोबत मैत्रीण नि तिचे वडील आहेत. पोचल्याचं कार्ड आधी माझ्याकडे टाकायचं ठरलंय, धाडला टपाल उशिरा जातं.

३ जुलै
कार्ड नाही. इतक्यात यायचंही नाही.

५ जुलै
नाही.

६ जुलै
धाडच्या एका विद्यार्थ्याबरोबर शांताचा निरोप: दादा, कार्ड आलं का? परवापासून तिच्या पोटात अन्न नाही म्हणे.
आजचा तास नेमका भीतीवर होता. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नव्हे, हे तीन उदाहरणं देऊन सांगितलं. पोरांना पटलं. तास संपल्यावर पोस्टात गेलो. पाच वाजता परत गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, “गुरुजी, टपाल एकदाच येते.”
शांताला चिठ्ठी लिहिली. ‘अजून नाही. येईल. वेड्यासारखं करू नकोस, दोन घास खाऊन घे.’
सौ.नं चिठ्ठी वाचली नि माझं सकाळचं झाकलेलं ताट तसंच पुढं आणून ठेवलं.