साहेब ऑनलाइन

४ ऑगस्ट
हिचा कॉम्प्युटर विकायचं ठरवलं. ही गेल्याला वर्ष होत आलं, टेबल उगाच अडलंय. पण मी हयातभर मोटर रिवाइंडिंग केलं, बंद वस्तू चालू म्हणून कुणाच्या गळ्यात मारली नाही. तेव्हा आधी चालवून बघणं आलं. बटण दाबलं, चालू झाला. पासवर्ड विचारला नाही. हिला माझ्यापासून लपवायचं काही नव्हतं, किंवा मी याला कधी हात लावणार नाही याची खात्री होती. पहिलंच असावं.

५ ऑगस्ट
हिचा गेम आपोआप उघडतो. तळं, पूल, पलीकडे टेकडी. अलीकडे हिचं छोटं घर, अंगणात विहीर आणि बाक. मी चालायला गेलो तो थेट विहिरीला धडकलो. डोक्यावर अक्षरं तरंगतात: साहेब. मी हिला चिडवायला म्हणायचो. हिनं नावच घेतलं की.
वर्षभर कुणी फिरकलेलं नाही, तरी खिडकीत दिवा आणि कुंपण नवं कोरं. गेममध्ये गंज चढायची सोय नसावी.

७ ऑगस्ट
बाक हलला आहे. परवा विहिरीच्या डावीकडे होता, आज उजवीकडे.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बंद पडलेल्या इस्पितळाच्या तळघरात उतरून एकट्यानं पंप काढलेला माणूस आहे मी. निदान सोपं आहे: मशीन जुनं, चित्र भलत्याच जागी काढतंय.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
तळ्यापलीकडे कुणीतरी उभं आहे. धूसर, वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं. अंगात काहीतरी निळं. हिला निळा आवडायचा. निळा पुष्कळांना आवडतो.
जवळ जाऊन खात्री करावी म्हटलं, तर पुलावर पाऊल ठेवताच चित्र अडकलं. बंद करून परत लावलं. पलीकडे कुणी नव्हतं.

९ ऑगस्ट
परत उभं होतं. परत पुलावर अडकलं.

१० ऑगस्ट, रविवार
लेकीचा फोन. ती लांब नोकरीला, दर रविवारी फोन करते. मी सगळं मस्त आहे म्हणतो, ती काळजी घ्या म्हणते, मग हवेवर बोलून ठेवतो. आधी हा वार मायलेकींचा असायचा. ही कानाला हेडफोन लावून तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायची आणि समोर गेम चालू. बोलताना हात रिकामे नकोत म्हणून असेल.
कॉम्प्युटरचं बोललो नाही. विकल्यावर सांगेन.

११ ऑगस्ट
कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथला विकणारा पोरसवदा आहे, पण बोलणं स्वच्छ. विचारलं, कोणता गेम, केवढा मॉनिटर, बजेट किती. मी म्हटलं, लांबचं साफ दिसलं पाहिजे आणि जवळ गेलं की अडकायला नको, बस. तो म्हणाला, हे सगळं ग्राफिक्स कार्डाचं काम, आणि तुमच्या मशीनला कार्डच नाही. प्रोसेसर बिचारा आपलं काम सांभाळून फावल्या वेळात चित्र काढतोय.
त्यानं मधलं कार्ड सुचवलं. मी त्याच्या दोन पायऱ्या वरचं घेतलं. विकताना चांगली किंमत येईल, दुसरं काही कारण नाही. बसवून देऊ का काका, असं विचारलं. मी नुसता हसलो.

१२ ऑगस्ट
कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. ग्राइंडर आणून डब्याची आतली पट्टी उडवली. छान मावलं. पॉवर सप्लायही वरचा टाकला.
मागच्या बाजूला एका सॉकेटवर लाल नेलपेंटचा ठिपका आहे. हिची खूण. झाडलोट झाली की मॉनिटरची वायर परत त्याच जागी जावी म्हणून. वायर ठिपक्यावरच लावली. जिथली वस्तू तिथं.
चालू केलं. कार्ड एकदम शांत. कान लावून बघितलं, पंखासुद्धा फिरत नाही. याला म्हणतात दर्जा. स्वस्तातली मोटरच गुरगुरते.
पूल: अडकलं. नवीन आहे, रुळेल.

१५ ऑगस्ट
रुळलं नाही. निळं अजून धूसरच. मला वाटतं दोष मॉनिटरचा. एवढं मोठं कार्ड आणि समोर पोस्टकार्डाएवढा पडदा.
आजपासून गेम बंद. फक्त तपासणी.

१७ ऑगस्ट, रविवार
लेकीचा फोन. हवेवर आलोच नाही. तिनं एकदम विचारलं, संध्याकाळी तुम्ही कुठे असता? रिवाइंडिंगच्या दुकानात, म्हटलं. बाप गेम खेळतो हे तिनं कशाला ऐकायचं? मग विचारलं, आईचा कॉम्प्युटर टेबलावरच आहे का? आहे, म्हटलं, झाकून ठेवलाय, कुणी हात लावत नाही.
ठेवते, म्हणाली. आवाज जड वाटला. गुळण्या कर म्हणून सांगितलं.

१९ ऑगस्ट
मॉनिटर घेतला. सत्तावीस इंची, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ. कार्डवाला मला हर्ट्झ समजावायला लागला. मी हयातीत विजेच्या पन्नास हर्ट्झच्या वर गेलो नाही, पण त्या पन्नासावर घर उभं केलं, लेक शिकवली. त्यानं म्हटलं, पिक्सेल वाढले की कार्डावर लोड वाढेल, पण तुमचं कार्ड दणकट आहे, कळणारही नाही.
वायर ठिपक्यावर.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
आधीपेक्षा वाईट. आता गेम चालतच नाही, एकेक फोटो दाखवतो. पहिल्या फोटोत निळं तळ्यापलीकडे. दुसऱ्यात पुलावर. तिसऱ्यात अंगणात, बाकावर, माझ्याकडे तोंड करून.
मी प्लग उपटला. व्होल्टेज कमीजास्त होत असावं, एवढ्या महागड्या वस्तूला धोका कशाला?
हॉलमधला दिवा चालूच ठेवतोय. तोही व्होल्टेज कळावं म्हणूनच.

२१ ऑगस्ट
कॉम्प्युटर विकणार. नक्की. टेबलाकडे पाठ करून जेवलो. मधेच वाटलं, ही विचारेल, पाठ का केली? परत वळून बसलो.

२३ ऑगस्ट
विकण्याआधी एकदा ते तोंड नीट बघायचं आहे. म्हणजे कार्ड तोंड नीट दाखवतं का, ते.

२५ ऑगस्ट
डबा उचलून दुकानात नेला. कार्डवाल्याला चांगलं ऐकवायचं ठरवून गेलो होतो आणि बरंचसं ऐकवलंही. चित्र अडकतं, धूसर येतं, कार्डाचा तर श्वाससुद्धा ऐकू येत नाही, म्हटलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग डब्याची मागची बाजू फिरवून विचारलं, मॉनिटरची वायर कुठं लावता? ठिपका दाखवला.
ती वायर इथं नाही काका, म्हणाला, खाली कार्डाला स्वतःची सॉकेट आहेत. ठिपक्यावर लावली की चित्र परत प्रोसेसरच काढतो. कार्ड नुसतं बसून असतं.
मेन स्विच बंद ठेवून मोटर जळाली म्हणून रिक्षात घालून आणणारं गिऱ्हाईक मी वर्षानुवर्षं चहाबरोबर रंगवून सांगत आलोय. लोड नसलेली मोटर आवाज करत नाही, हे मी शिकवत आलोय.
खूण कुणी केली, विचारलं त्यानं. आमच्या साहेबांनी, म्हटलं. त्यांच्या वेळी कार्ड नव्हतं.

२५ ऑगस्ट, घरी
वायर हातात घेऊन बराच वेळ टेबलामागे बसलो होतो. गुडघ्यामुळे.
ठिपका मोकळा सोडला. वायर खाली लावली.

२६ ऑगस्ट
संध्याकाळी गेम लावला. कार्डानं सूर धरला. बारीक, भरदार, लोडवर आलेल्या मोटरचा. पुलावरून पाण्यासारखा गेलो. निळं आज टेकडीखाली होतं, आणि मला बघून जागचं हललं नाही. अगदी समोर जाऊन उभा राहिलो. त्याच्या डोक्यावरही अक्षरं होती: ठकी.
लेकीला लहानपणी ही ठकी म्हणायची.
फोन वाजला. रविवार नव्हता.
"बाबा, आईच्या कॉम्प्युटरवर कोण आहे?"
"मी आहे गं."
फोनमधून तिच्या मशीनचा पंखा ऐकू येत होता. मग सगळं सांगत गेली. गाव दोघींचं होतं, दोघी रोज तिथं भेटायच्या. आई गेल्यावर घर ओसाड दिसू नये म्हणून लेकच दिवा लावायची, कुंपण नीट करायची, बाक हलवायची. आईला आवडतो म्हणून निळा घालायची. आणि या महिन्यात अचानक संध्याकाळ झाली की कोपऱ्यात अक्षरं यायला लागली: साहेब ऑनलाइन. तुम्ही तर माउसही धरला नव्हता कधी, म्हणाली. विचारलं असतं तर ते बंद झालं असतं, म्हणून विचारलं नाही. लांबून बघत राहिले. एकदाच धीर करून बाकापर्यंत आले, तर साहेब दिसेनासे झाले.
"शंका यायला हवी होती," ती म्हणाली. "आई कधी विहिरीला धडकली नाही."
हे म्हणताना हसली की दुसरं काही, ते माझ्या कानांना ठरवता आलं नाही. एरवी मोटरचं बेअरिंग गेलेलं मी आवाजावरून रस्त्यापलीकडून ओळखतो.
मी म्हटलं, कार्ड तपासत होतो, विकायचंय ना.
"बरं," म्हणाली. आणि मग, "उद्यापण तपासणार का?"
एवढ्या भारी कार्डाची तपासणी एका दिवसात होत नाही, म्हटलं.
नाव मात्र बदलू नका म्हणाली, साहेबच राहू दे.
फोन ठेवल्यावर हिच्या कपाटातून नेलपेंटची बाटली शोधून काढली. नव्या सॉकेटवर ठिपका द्यायला. झाकण पक्कडीनं फिरवावं लागलं. आत वाळून खडा झालाय.
उद्या आणायची. लाल.