चंद्रीचा गोठा आणि पिवळी बाटली

ता. ८ डिसेंबर १९६४, मंगळ.
आणि वर साहेब मलाच सांगतो, मावशी, तुमच्या अंगणातली हवा चांगली नाही. चहा माझा, दूध माझ्या चंद्री गाईचं, आणि हवा वाईट. तारापूरला विजेचं काम उभं राहायच्या आधी आसपासची हवा मोजून ठेवायची म्हणून मुंबईहून आलेला हा साहेब. स्टुलावर पाण्याचा डबा, त्याला नळी, नळीला बाटली. डब्यातलं पाणी ठिबकतं तशी बाटलीत हवा ओढली जाते. संध्याकाळी औषधाचे थेंब टाकतो. हवेत अमोनिया असला की पाणी पिवळं. म्हणजे कल्हईवाल्याच्या नवसागराचा वास. नाकाला कळत नाही इतका थोडा, बाटलीला कळतो. बाकीच्यांच्या अंगणातल्या बाटल्यांत फिकं, माझ्याकडे हळद.
शेजारची हिरू कुंपणावरून, "काय गो, हवेला पण हळद लावलीस?" उद्या तिला ताक नाही.

९, बुध.
सरपंच आले. म्हणे बाटलीनं सांगितलं, हवा गोठ्यानं बिघडते, तो वस्तीत नको, ओढ्यापलीकडे न्या. म्हटलं, मग दूध काढायला बाटलीलाच पाठवा. घरधन्यांचा गुडघा दुखरा, पहाटे ओढा कोण ओलांडणार? तारापूरच्या कामगारांचा रतीब चुकला की चूल बंद. हे आपले पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसले. नेहमीचंच.

११, शुक्र.
साहेब सकाळीच टपकला. मी स्टुलाखाली सारवत होते. बघतच राहिला.
"मावशी, हे रोज करता?"
"रोज. वर गोमूत्र शिंपडते. सरकारी वस्तू, पारोशा जमिनीवर ठेवू काय?"
नळीचं तोंड जमिनीकडे दाखवलं. अहो, शेणमुतातूनच अमोनिया निघतो, बाटली तोच ओढतेय म्हणाला.
मग आधी बोलायचं. आता सारवणार नाही, परत मोजा म्हटलं. चंद्री जागची हलणार नाही.

१३, रवि.
अंगण कोरडं, पायाखाली माती खरखरते. हिरू म्हणते, "आळशी झालीस गो." बोलू दे. संध्याकाळी बाटली काढली. हळद गेली. पण नुसतं पाणीही नाही, पिकत्या लिंबाची झाक. साहेब उजेडाला धरून बसला. हे बाकीच्या अंगणांइतकंच की गोठ्यामुळे जास्त, ते मुंबईला रंगाशी रंग लावून बघायचं म्हणे. बाटली पेटीत.

१४, सोम.
सरपंच परत. रविवारी माणसं आणून गोठा उतरवतो म्हणाले. तशीच बोईसर स्टेशन गाठलं. साहेब मुंबईच्या गाडीची वाट बघत बाकावर, पेटी मांडीवर.
"बाटली नेताय, उत्तर कुठाय?"
"कळवतो, मावशी."
"कळवतो नको. शनिवारच्या आत हवं. सरपंचांच्या नावानं नाय, माझ्या नावानं. मोठ्या अक्षरात, मला वाचता येईल असं. चंद्री राहते की जाते, तेवढंच लिहा."