तुझ्या ताईचा ॲम्प्लिफायर

प्रिय तारमास्तर,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. माझं गुडघ्यांखेरीज उत्तम चाललंय (गुडघे माझं ऐकत नाहीत, तुझ्यासारखेच). तुझी ताई गेल्यावरही आपण बोललेलो नाही, तेव्हा हे पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पूर्ण वाच.

तू तिला स्वतःच्या हातानं बनवून दिलेला ॲम्प्लिफायर पंधरा मिनिटं वाजतो आणि खट्कन बंद पडतो. तीस वर्षं मी आतल्या खोलीतून "बंद कर तो डबा!" म्हणून ओरडत होतो, तेव्हा पठ्ठ्या एकदाही बंद पडला नाही. आता मी हौसेनं लावतो, तर हा रुसतो! मी प्लग बदलला. स्पीकर एकेक करून लावून पाहिले (एक वायर उलटी लागली, त्यात दोन दिवस गेले). शेवटी काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे नेला. तिथे तो तीन तास खणखणीत वाजला. "काका, मशीन ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या घरात आहे," म्हणाला. आता त्याला काय सांगू! घरी आणला, पुसला, तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल नेहमीसारखा वर घातला आणि सुरू केला. पंधरा मिनिटांत बंद.

तुझ्या या कामाला मी तिच्यादेखत भंगार म्हणालो आणि तू ताटावरून उठून गेलास, ते तिला फार लागलं होतं. शेवटपर्यंत म्हणायची, त्याला एक पत्र टाका. मी म्हणायचो, टाकतो. चुकलं माझं. घर खायला उठतं रे. एकदा येऊन डबा बघून जा.

तुझा,
भावोजी

ता. क. बिघाड मला मंगळवारीच सापडला. रुमालानं वरची भोकं झाकली जातात, आत गरम हवा कोंडते आणि जळू नये म्हणून तो आपणहून बंद होतो (ही सोय तूच केलेली, हुशार आहेस). म्हणजे गाणी लावताना ती रोज रुमाल काढून ठेवत असणार. तीस वर्षांत मी एकदाही बाहेर येऊन तिच्याजवळ बसलो नाही, मला कुठून माहीत असणार?

आणखी एक. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ये. कामाशिवाय यायला तुला अवघड वाटेल, म्हणून रुमाल पुन्हा घालून ठेवला आहे. तेवढा तुझ्या हातानं काढून दे.