बुडाली ती बुडाली

४ फेब्रु.
आज परत सगळ्या बुडाल्या. आमच्या गेममधल्या मोटार कंपन्या. एक कंपनी खेळणाऱ्याची, बाकीच्या कॉम्प्युटर चालवतो. सगळ्यांना सारखंच भांडवल दिलंय, म्हणून सगळ्या तीच छोटी स्वस्त गाडी काढतात आणि एकमेकींचा भाव पाडत मरतात. मग रिकाम्या बाजारात खेळणारा एकटाच राजा. कसली मजा? देवेश म्हणाला, "सबको दुगना दे दो." कोड त्याचा, हिशेब माझा. दिलं दुप्पट. आता खेळणाराच पहिल्या वर्षी बुडतो.

७ फेब्रु.
प्रत्येकीला वेगळं भांडवल. 'गरुड' गडगंज पण सुस्त. एक कंगाल, चिवट. बाकीच्या मधे कुठेतरी.
आईला खेळायला बसवलं. शाळेतून रिटायर झाल्यापासून आमची टेस्टर तीच. कंपनीचं नाव 'मंगला मोटर', मंगलेचं देऊळ घराशेजारीच म्हणून. जेवणाआधी बुडाली.
"त्या गरुडला एवढा पैसा कुणी दिला?"
"मी."
"आणि मला?"
चहा ठेवायला उठले.

११ फेब्रु.
आईनं गरुडला पाडलं! कार सोडून टेम्पो काढले. गरुड भाव उतरवत गेली, संपली. आई गच्चीवरून शेजारच्या काकूंना सांगून आली. काकूंना वाटलं, ओळखीतलंच कुणी बुडालं.

१३ फेब्रु.
हैदराबादवाल्यांचा फोन. गेम बाजारात आणणार तेच, पैसा त्यांचा. म्हणे, कॉम्प्युटरची कंपनी बुडायला लागली की आतून पैसे टाका, खेळणारा मागे पडला की तिच्याकडून काढून घ्या. स्क्रीनवर दाखवायचं नाही.
मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर देवेश म्हणाला, "मान जा यार. सब यही करते हैं."
त्याच्या बायकोला सातवा महिना. ते तो बोलला नाही. म्हणूनच जास्त चिडले, त्याच्यावर की स्वतःवर...

१५ फेब्रु., महाशिवरात्र
गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, देवेश लंका मोहल्ल्यातच अडकला. त्यानं पाठवलेला, हैदराबादवाल्यांना हवा तो बदल करून पाहिला. आईला सांगितलं नाही. साबुदाणा खाऊन बसली.
"ही गरुड बुडत होती ना? परत कशी आली?"
"कर्ज मिळालं असेल."
"कुणी दिलं? दाखव."
दाखवण्यासारखं काही नव्हतंच. तिनं माउस सरकवला. "तूच हरवणार नि तूच जिंकवणार, तर मी कशाला बसू?"
कोडमधली ती ओळ तेव्हाच काढून टाकली.

१८ फेब्रु.
हैदराबादला लिहिलं. सगळ्यांचं भांडवल पहिल्याच स्क्रीनवर, उघड. नंतर मागच्या दारानं एक रुपया नाही. बुडाली ती बुडाली, खेळणाऱ्याची असो की कॉम्प्युटरची.
पाठवण्याआधी अहिल्याबाई घाटावर देवेशला वाचून दाखवलं.
"और पैसा?"
"देखेंगे."
"तू देख सकती है. मैं नहीं."
खरंय. मला घरभाडं नाही, पोर नाही. तरी त्याच्यासमोरच पाठवलं. त्याला नोएडात नोकरी मिळतेय. सोमवारपर्यंत सांगतो म्हणाला.

१९ फेब्रु.
उत्तर आलं. सोमवारपर्यंत बदला, नाहीतर करार नाही.
बाबा: "दोन ओळींसाठी एवढं?"
"एकाच ओळीसाठी."
बदलणार नाही.

२३ फेब्रु., सोमवार
हैदराबादहून काही नाही. मीही काही पाठवलं नाही.
दुपारी देवेशचा फोन. नोएडाचं त्यानं काढलं नाही, मी विचारलं नाही.
"वो बसवाली कंपनी सबको खा रही है. शुरू का पैसा कम कर उसका."
म्हणजे बसून खेळत होता.
"नहीं करूँगी. ज़्यादा लगता है तो आके दिखा."
मग म्हणाला, "तेरी कल वाली हिसाब की फ़ाइल भेज."
पाठवली.