दंडावरची देवी

सिल्वासा,
कार्तिक वद्य पंचमी, १९८७

प्रिय सुलभे,

तू परिचारिका झाल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात लस असतेच. मला मात्र सुईचा संशय सोडत नाही. नसबंदीच्या मोहिमेचे दिवस मी विसरलेलो नाही. धडधाकट माणसांना फुकट टोचायला कोणी आले, की कुपीत नेमके काय आहे, हा प्रश्न आधी मनात येतो.

धुळ्याकडचा झिपरू इथल्या तारेच्या कारखान्यात काम करतो, सामरवरणीला राहतो. देवळात मी पोथी सांगतो, तेव्हा तो मागे खांबाशी बसतो. श्रावणात कारखान्यात धनुर्वाताची लस टोचणार होते. त्याने विचारले, "मास्तर, घेऊ का?" त्याच्या दंडावर लहानपणी देवी काढल्याचे दोन वण होते. मी म्हणालो, "अंगावर साक्षात देवी आहे, आणखी कवच कशाला?" सारे हसले, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभाच राहिला नाही. दंडावरची ती लस फक्त देवीच्या रोगाची होती, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. शब्द सुचला, आणि मी शब्दाला भुललो.

आश्विनात त्याच्या पायात गंजका खिळा गेला. आठवड्याने जबडा मिटला, पाठ धनुष्यासारखी ताणली. या व्याधीचे वर्णन मी ग्रंथांत कितीदा वाचले होते. प्रत्यक्ष पाहवले नाही. आता कुठे तो पेज गिळू लागला आहे. डॉक्टर म्हणतात, रोग होऊन गेला तरी लस घ्यावीच लागते, आणि मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी. हे ऐकतानाही मनात आलेच, दहाच का?

त्याची बायको चिमाबाई सहा महिन्यांची गरोदर आहे. आईने टोचून घेतले, तर बाळालाही धनुर्वातापासून संरक्षण मिळते, असे नर्सबाईंनी तिला सांगितले. तरी काल ती मलाच विचारायला आली. मी "अवश्य घे" म्हणालो. ती जागची हलेना. "त्यांना तुमी नको म्हणले, माले घे म्हणता. तुमी सोता घेतली का, मास्तर?"

उद्या तिच्याबरोबर मीही दवाखान्यात जातो आहे. तिथे विचारतील, याआधी कधी घेतली होती. गतवर्षी "टोचून घेतले" असे मी तुला कळवले, ते असत्य होते. उद्या चिमाबाईच्या देखत मला "कधीच नाही" असे सांगावे लागेल. तिच्याआधी ते तुला कळावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

तुझाच, आणि तुझ्यापुढे खजील,
नाना