मिक्सरला बसवलेली पोलादी चक्री

गारगोटी मुक्कामी आमचे मेव्हणे पिराजीराव यांना मंगळवार पेठेतून गणपतराव दाजींचा कडकडीत रामराम. तुमचा गुडघा, म्हशीची कास आणि तुमच्या मंडळींचा खोकला, तिन्ही उताराला लागले असतील असं धरून चालतो. फोनच केला असता, पण तुमच्याकडं तो तुमची बहीण शालूच उचलते नि माझं "हॅलो" ऐकून ठेवून देते.

तर ती आठ दिवस तुमच्याकडं हवापालटाला आली आहे (तिनं दुसरं काही सांगितलं असेल तर ते रागाच्या भरात). झालं ते एवढंच, की मिक्सरच्या भांड्याखालची रबरी चक्री तुटली. दुकानदारानं दोन पुढ्यात टाकल्या, एक कंपनीची, एक लोकल. शालूनं बजावलं होतं, कंपनीचीच आणा. पण मेव्हणं, तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस बोटभर रबरासाठी दुसऱ्यापुढं हात पसरणार व्हय? दोन्ही दाबून बघितल्या, दोन्ही मऊ! तसाच उठलो, शॉपवर गेलो आणि पोलादाची चक्री काढली. काय फिनिशिंग, वा! आरशासारखी. (पोरं बघायला जमली होती. तीन जणांनी फोटो काढले.)

आणि त्याच आनंदात तालमीतल्या वीस जणांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं आवतण दिलं. पांढऱ्यासाठी शालूनं खोबरं वाटायला घेतलं. चक्री फिरली, झकास फिरली! खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकला, तरी माझी चक्री हटेना. मग भांडंच हटलं. झाकण माळ्यावर, वाटण छताला, राहिलेलं शालूच्या नव्याकोऱ्या इरकलीवर, आणि मोटरमधून असा धूर निघाला की शेजारच्या धोंडुबाई पाण्याची घागर घेऊन धावल्या. तालमीची मंडळी पंगतीला बसलेली. त्यांना शेवटी मिसळ आणून घातली. नाक राहिलं न्हाई.

मेकॅनिक म्हणतो, "पावणं, ती चक्री तुटायसाठीच केलेली असती. ती तुटती म्हणून मोटर वाचती." आता बोला! तुटायसाठी वस्तू करायची, ही कुठली रीत? पण चक्रीवर एक ओरखडा न्हाई, हे मी शालूला कौतुकानं दाखवलं. त्यावर तिनं पिशवी भरली.

इकडं बाकी सर्व क्षेम.

आपला,
गणपतराव

ता. क. क्षेम कसलं, घर खायला उठलंय. चूक माझीच, कबूल. कंपनीची मोटर, कंपनीची चक्री, कंपनीच्याच माणसाकडनं बसवून घेतली, मी स्क्रूलासुद्धा हात लावला न्हाई. तेवढं शालूला सांगा, नि रविवारच्या एसटीत बसवून द्या की हो! पुन्हा घरातल्या कुठल्या मशीनला हात लावणार न्हाई, आईशप्पथ.

ता. क. दुसरा. तुमच्या वॉशिंग मशिनचा पट्टा तुटल्याचं कळलं. खबरदार, कंपनीला फोन कराल तर! फक्त माप कळवा, शनिवारी घेऊनच येतो. शालू शेजारी गेली की मला मागच्या दारानं आत घ्या.