चित्र का हलत होते ते, आणि माझी बाकीची मालमत्ता

लिहून ठेवणार: दीपमाला सावळीराम बोरस्ते, वय ६७, पूर्वी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणारी, सध्या स्वतःच्या मर्जीची मालकीण, राहणार गंगापूर रोड, नाशिक.

आज दिनांक ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता मी हा कागद लिहायला घेतला आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा मुलगा मनोज याने सावकाश वाचावा, कारण त्याला याबाबत अधूनमधून शंका येते. मला कोणताही आजार नाही. पण वकीलबाई म्हणाल्या की मावशी, धडधाकट असतानाच लिहा, नंतर लिहिणाऱ्यांचे अक्षर लागत नाही.

कलम १. राहता फ्लॅट मनोजला. तो त्याने विकावा, भाड्याने द्यावा किंवा कुलूप लावून ठेवावा, मी वरून बघायला येणार नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या खिडकीत रोज येणाऱ्या मांजरीची सोय केल्याशिवाय ताबा घेऊ नये.

कलम २. बँकेतली ठेव मनोज आणि सून यांना निम्मी निम्मी. सुनेचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात जावा. ‘खाते एकच तर आहे, आई’ हे मी ऐकलेले आहे आणि माझे उत्तरही मनोजला ठाऊक आहे.

कलम ३. माझे पितळी पुरणयंत्र निफाडच्या माझ्या थोरल्या जाऊबाई मालनबाई यांना. ते १९९८ च्या होळीपासून त्यांच्याकडेच आहे. पण निदान आता ते मी दिले असे कागदोपत्री होईल आणि त्यांच्या पुरणपोळीला थोडी तरी चव येईल.

कलम ४. कपाटात लोकांच्या लग्नाच्या सव्वातीनशे कॅसेट आहेत, ज्या कोणी न्यायलाच आले नाही. मनोजने पत्ते शोधून त्या ज्यांच्या त्यांना पोचवाव्यात. ज्यांचा पुढे काडीमोड झाला असेल त्यांच्या दाराची बेल वाजवू नये. एका कॅसेटमध्ये नवरदेवाचे मामा आणि आचारी यांची जुंपलेली आहे. ती मी मुद्दाम कापली नाही, ती मात्र मनोजने ठेवून घ्यावी.

कलम ५. हॉलमधला मोठा मॉनिटर जुन्या काचेच्या ट्यूबचा आहे, वजन तीस किलोच्या वर. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. मनोजने मागचे झाकण उघडू नये. त्याने लहानपणी इस्त्री उघडली होती, तेवढे पुरे.

हा मॉनिटर कसा टिकला तेही सांगते. लग्नात ड्रोन आले, माझे यजमान गेले, आणि आमच्या स्टुडिओचे बारा वाजले. मॉनिटर भंगारात जायचा होता. तेवढ्यात काही तरुण मंडळी विचारत आली की स्टुडिओचा मॉनिटर आहे का, तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम त्यावर जसे दिसतात तसे सपाट टीव्हीवर दिसत नाहीत. मला आधी हसू आले. मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून पाहिला आणि दुपारचे जेवण विसरले.

गेमचे जुने डबे, म्हणजे कन्सोल, घरच्या टीव्हीसाठी केलेले असतात. ते उघडून त्यातून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगळे बाहेर काढावे लागतात. चौथी वायर सिंकची, म्हणजे चित्राची ओळ कुठे सुरू करायची हे सांगणारी. हे काम भद्रकालीतल्या मुझफ्फरभाई शेख यांचे. तीस वर्षे माझ्या स्टुडिओची सगळी यंत्रे त्यांच्याच हातून दुरुस्त झाली. ते मला ताई म्हणतात. डबा त्यांनी करायचा आणि मॉनिटरवर चित्र मी जुळवायचे, अशी आमची वाटणी होती. गिऱ्हाईक पुण्याहूनही यायचे.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची कलमे लिहिली आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये जुन्या गेमवाल्यांचा मेळावा भरणार होता. त्यासाठी मुझफ्फरभाईंनी एक डबा नवा करून आणला. माझ्या मॉनिटरवर त्याचे चित्र वरच्या कडेला वाकायचे, मग थरथरायचे आणि मध्येच सबंध चित्र वर पळायचे. रंगही डोळ्यांवर येण्याइतके भडक. तोच डबा घरच्या टीव्हीवर गुमान चालायचा.

मी लग्नाची कॅसेट लावून दाखवली. चित्र जागचे हलले नाही. मी म्हटले, “मॉनिटर ठणठणीत आहे, दोष तुमच्या डब्यात.” त्यांनी सिंकची चिप बदलली. मग कॅपॅसिटर बदलले. मग सोल्डरचे सगळे टाके काढून पुन्हा केले. तीन वेळा ते भद्रकालीहून आले आणि तीन वेळा मी नाक मुरडले. मेळाव्यात माझ्याच मॉनिटरवर, चाळीसेक माणसांसमोर चित्र पळायला लागले तेव्हा माइक माझ्या हातात होता. मी म्हटले, “मुझफ्फरभाईंच्या सोल्डरला आता वय झालं!” लोक हसले. मीही हसले.

त्यानंतर त्यांच्याकडे डबे येणे थांबले. आता ते पुतण्याच्या मोबाईलच्या दुकानात बसून काचा चिकटवतात.

मार्च २०२४ मध्ये रंगारी येणार म्हणून मी मॉनिटर भिंतीपासून ओढला. अशा मॉनिटरला मागे प्रत्येक सिग्नलसाठी दोन तोंडे असतात. एकातून सिग्नल आत येतो, दुसऱ्यातून पुढच्या मॉनिटरकडे जातो. पुढच्या तोंडात वायर खोचलेली असली की मॉनिटर समजतो, आपल्यापुढे अजून कोणी आहे, आणि सिग्नल स्वतःपाशी संपवत नाही. मग तो सिग्नल जवळपास दुप्पट जोराने येतो, उलटा फिरतो आणि चित्राची त्रेधा उडते. माझ्या मॉनिटरच्या सिंकच्या आणि तिन्ही रंगांच्या अशा चारही तोंडांत वायरी खोचलेल्या होत्या, आणि त्यांची दुसरी टोके कशालाच जोडलेली नव्हती. स्टुडिओच्या दिवसांत बाहेरच्या खोलीतल्या मॉनिटरवर वधूपक्षाला चित्र दाखवायला मीच त्या लावल्या होत्या. बाहेरचा मॉनिटर त्या मेळाव्याच्या थोडे आधीच विकला गेला, वायरी राहिल्या. लोंबकळणारी वायर मला खपत नाही, म्हणून मी त्यांची सुबक वेटोळी करून रबरबँड लावून ठेवली होती. माझ्या टापटिपीचे कौतुक निफाडपर्यंत आहे. कॅसेटचे चित्र वेगळ्याच तोंडातून यायचे, म्हणून ते हलायचे नाही. एवढे मला कळायला हवे होते. तो माझाच धंदा होता.

मी वायरी उपटल्या आणि माझ्याकडे राहिलेला तो डबा लावला. चित्र ठाम उभे राहिले. मला इतकी लाज वाटली की रंगाऱ्याला उद्या या म्हणून परत पाठवले.

सांगायला हवे होते. आज सांगू, उद्या सांगू करत पाडवा गेला. ईद आली. मुझफ्फरभाईंच्या घरून दरवर्षी शीरखुर्मा यायचा, तो त्या वर्षी आला नाही, आणि मी मनात त्यांनाच नावे ठेवली की बघा, किती डूख धरतात! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

कलम ७. माझ्या तेराव्याला जेवणे होण्याआधी मनोजने कलम ६ मुझफ्फरभाईंसमोर मोठ्याने वाचावे आणि माझ्या वतीने माफी मागावी.

(कलम ७ मी स्वतः खोडले असून समासात सही केली आहे. कारण खालीलप्रमाणे.)

पुढील मजकूर दिनांक १७ नोव्हेंबरचा.

साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलेच पाहिजे असे नाही, त्याने फक्त माझी सही होताना पाहायची असते, असे वकीलबाईंकडून कळल्यावर मला एक शहाणपण सुचले. साक्षीदार म्हणून मुझफ्फरभाईंनाच बोलवावे. त्यांची सही या कागदावर राहील आणि मला तोंडाने काही बोलावे लागणार नाही. ते आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चहाला नको म्हणाले.

“कशावर सही, ताई?”

“मृत्युपत्रावर. वाचायची गरज नसते.”

“वाचल्याबिगर मी सही करत नाय. माझ्या निकाहनाम्यावर पण वाचून केली होती. काझीसाहब खोळंबले होते.”

कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

“हा चष्मा बघता का? तुमच्या त्या माइकनंतर केला. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. हाताच्या डॉक्टरकडे गेलो, बोललो, माझा हात कापतो. ते बोलले, चाचा, हात तर पक्का आहे. मला खोटं वाटलं. घरी बायको, अनवरी, दोन वर्ष विचारते, इस्तरी का नाही धरत? ती सोल्डरच्या इस्तरीला तसंच बोलते. आणि तुम्हाला मार्च महिन्यापासून माहीत होतं?”

“गेल्या वर्षीच्या मार्चपासून,” मी म्हटले. खोटे बोलायची सवय तिथेच मोडायला हवी होती.

मी “माफ करा” म्हणाले. ते त्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले.

“तेराव्याला मनोज वाचणार. कुणापुढे? तुमच्या भावकीपुढे? त्यांना सिंक म्हणजे भांडी धुवायचं वाटेल! माझी इज्जत त्या हॉलमध्ये गेली, ताई. तेरावं कशाला पाहिजे? जित्या आहात ना?”

कागद टेबलावर ठेवून ते निघून गेले. सही केली नाही.

मी तो दिवस आणि पुढचे दोन दिवस चिडून काढले. आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. माझा राग असाच वळसा घालून घरी येतो. मग मेळावावाल्यांना फोन करून विचारले की यंदा तारीख कोणती, आणि मला माइक मिळेल का.

कलम ७ (नवे), दिनांक २३ नोव्हेंबर.

आज दुपारी त्याच हॉलमध्ये मी मॉनिटर मांडला आणि मुझफ्फरभाईंनी २०२३ साली केलेला तोच डबा, एकही टाका न बदलता, त्याला जोडला. पुढच्या तोंडांत त्या चार वायरी खोचल्या. चित्र पळायला लागले. मी माइकवर सांगितले की हे असेच पळत होते, आणि याला कारण माझ्या हाताने गुंडाळलेल्या या वायरी. मग त्या उपटल्या. चित्र थांबले. मी म्हटले, “सोल्डर तेव्हाही पक्कं होतं. चूक माझी होती. मला दीड वर्षाहून जास्त दिवस ती ठाऊक होती आणि मी गप्प बसले.” हसले कोणी नाही. निफाडहून मालनबाई खास ऐकायला आल्या होत्या. त्यांना कोणी कळवले ते मनोजलाच विचारावे.

मुझफ्फरभाई मागच्या रांगेत बसले होते. ते उठून पुढे आले, डबा हातात घेऊन त्यांनी उलटा केला आणि आपलेच सोल्डर बराच वेळ बघत राहिले.

मॉनिटरची वाटणी या कागदात नाही, कारण आता तो माझा नाही. इथूनच टेम्पोत घालून तो भद्रकालीला जात आहे. मेल्यावर देण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, आणि पहिल्यांदाच मोकळ्या छातीने सही करत आहे.

सही: दीपमाला सावळीराम बोरस्ते
ठिकाण: मेळाव्याचा हॉल, कॉलेज रोड, नाशिक
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर सही झाली. साक्षीदार:

१. डॉ. योगिनी पिंगळे, दंतवैद्य, लिहून ठेवणारीच्या खालच्या मजल्यावर राहणार. (सही)

२. मुझफ्फर अकबर शेख, धंदा व्हिडिओ गेम दुरुस्ती, राहणार भद्रकाली, नाशिक. सगळा कागद वाचला. कलम ६ खरे आहे. माफीचे कागदावर लिहीत नाही, ते ताईंच्या घरी चहा घेताना सांगेन. (सही)